उंबरपाट्याचे पाच डबे

१

कुलूप शाबूत होतं, पाचही डबे जागेवर होते, आणि आतल्या बिबड्या बदललेल्या होत्या.

सकाळचे सव्वानऊ वाजले होते. उंबरपाटे हे साक्री तालुक्यात, पिंपळनेरच्या पुढं, डोंगराच्या अंगाला वसलेलं बाजाराचं गाव. तिथल्या महिला संघाचा व्यवस्थापक दीपक भामरे यानं समाजमंदिराची खोली उघडली, पहिल्या डब्याचं झाकण काढलं आणि तो तसाच उभा राहिला. मग दुसरा डबा उघडला. तिसरा. पाचवा उघडून झाल्यावर तो जमिनीवरच बसला.

"मंदाअक्का," तो म्हणाला, "आपण संपलो."

संघाच्या अध्यक्षा मंदाबाई दारात होत्या. त्यांच्या मागं ज्योत्स्ना सुरवाडे. ज्योत्स्नाबाई भुसावळच्या. रेल्वेच्या पार्सल विभागात त्यांनी हरवलेल्या, फुटलेल्या आणि बदललेल्या मालाची चौकशी करण्यात एकतीस वर्षं घालवली होती. निवृत्तीनंतर त्या गावोगावच्या बचतगटांना माल बांधायला शिकवत. त्यासाठीच त्या दोन दिवसांपूर्वी इथं आल्या होत्या आणि मंदाबाईंच्या घरी उतरल्या होत्या.

त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं. काल दुपारी त्यांच्यासमोर दीपकनं याच डब्यांत पाचशे बिबड्या रचल्या होत्या. साच्यातून काढल्यासारख्या गोल. आता आत होत्या त्याही बिबड्याच. पण एखादी चौकोनी, एखादी तिकोनी, एखादी लांबट, एखादीला कान फुटलेला.

बिबडी म्हणजे ज्वारीचा पापड. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, वाटायची, तीळ, लसूण, मिरची घालून शिजवायची आणि उन्हात ओल्या कापडावर थापायची. उन्हाळ्याचे तीन महिने या गावातल्या साठ घरांत हेच काम चाले. नंतर काम नाही. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येई आणि गावातली बरीच माणसं ऊसतोडीला गुजरातेत जात.

यावर उतारा होता सामाईक वाळवण केंद्राचा. मोठे सोलर ड्रायर, दळण्याचं यंत्र, पॅकिंगची खोली. वाळवण पावसानं अडून राहिलं नाही, तर काम दहा महिने चालतं. जिल्ह्यातल्या दोन गावांपैकी एकाला ते मिळणार होतं, आणि पाहणीचं पथक दुपारी तीनला येणार होतं. साठ घरांत हातानं केलेला माल एकसारखा निघतो, हे पाचशे नगांवरून दाखवायचं होतं.

"हे नवलशेठचं काम," दीपक म्हणाला. "केंद्र झालं तर त्याचा धंदा बसतो."

ज्योत्स्नाबाईंनी डबे मोजले. प्रत्येकात शंभर. एकही कमी नाही, एकही जास्त नाही.

"दीपकभाऊ, मी एकतीस वर्षांत पुष्कळ चोर पाहिले," त्या म्हणाल्या. "माल नेणारे पाहिले, मालाच्या जागी विटा भरणारे पाहिले. पण नेला तेवढा खाण्याजोगा माल मोजून परत ठेवणारा चोर मी अजून पाहिलेला नाही."

२

किल्ल्या दोनच होत्या. एक दीपककडे, दुसरी मंदाबाईंकडे.

"तुमची किल्ली कुणाला दिली होती का?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

"नाही ताई. किल्ली माझ्या कमरेलाच होती. कुणाच्या हातात दिली नाही." मंदाबाईंनी कमरेचा जुडगा हलवून दाखवला. खोटं बोलणाऱ्या माणसाची नजर फिरते. त्यांची फिरली नाही.

दीपकनं कपाळ पुसलं. तीन वर्षं हा मुलगा स्वतःच्या मोटारसायकलवर पाड्यापाड्यांवरून फिरला होता. गट बांधले, कागद केले, तालुक्याला चकरा मारल्या. गावात त्याच्याविषयी वाकडा शब्द ऐकू येत नव्हता.

नवलशेठचं दुकान बाजाराच्या तोंडाशी होतं. बायकांकडून बिबड्या, पापड, कुरडया घेऊन धुळ्याला पाठवायचा त्यांचा वीस वर्षांचा व्यवहार. ज्योत्स्नाबाईंना पाहून त्यांनी खुर्ची झटकली.

"या मॅडम. ऐकलं. गावात पहिलं नाव माझंच आलं असेल."

"आलं."

"येणारच. गावात कुणाला शिंक आली तरी नवल्यानं तपकीर उडवली म्हणतात." ते हसले आणि मागं वळून पोती दाखवू लागले. "बघून घ्या. पाचशे अख्ख्या बिबड्या माझ्याकडं असत्या तर मी त्या दुसऱ्याच्या डब्यात ठेवल्या असत्या का? शनिवारीच माल गेला. राहिला तो हा चुरा."

ज्योत्स्नाबाईंनी सोबत आणलेल्या तीन बिबड्या काउंटरवर ठेवल्या. वेगवेगळ्या डब्यांतून त्यांनी त्या उचलल्या होत्या. नवलशेठनी एकेक उजेडात धरली. तिसरीवर ते थांबले.

"ही बाजारातली नाही."

"कशावरून?"

"पांढरी आहे. मिरचीच नाही हिच्यात. असली फिकी बिबडी बाजारात कोण घेतं? मी तर दारातूनच परत पाठवतो. वीस वर्षांत कुणी विकायला आणली नाही."

ज्योत्स्नाबाईंनी तुकडा तोडून तोंडात टाकला. तीळ होते, लसूण होता, जिरं जरा जास्तच होतं. मिरची खरंच नव्हती.

मंदाबाईंच्या घरी परतून त्या पडवीत बसल्या आणि समोर एक खोकं ओढलं. काल त्यांनी बायकांना बांधणी शिकवताना दीपकनं रचलेल्या बिबड्यांतल्या सहा मागून घेतल्या होत्या. त्या खोक्यात घालून खोकं कमरेच्या उंचीवरून तीनदा आपटून दाखवलं होतं. दीपकनं सहांच्या जागी दुसऱ्या सहा आणून डबा पुरा केला होता. खोकं मात्र इथंच राहिलं होतं. चोराच्या हाती न लागलेला तेवढाच माल.

त्यांनी त्यातली एक बिबडी काढली. दुसऱ्या हातात आज सकाळची घेतली. दोन्ही उलट्या केल्या.

सकाळच्या बिबडीच्या पाठीवर बारीक उभे-आडवे धागे उमटले होते. जुन्या सुती लुगड्याची वीण, आणि एका कडेला काठाची जाड रेघ.

कालच्या बिबडीची पाठ आरशासारखी गुळगुळीत होती.

३

बिबडी कापडावर थापतात. वाळली की कापड उलटं करून मागून पाणी शिंपडतात, तेव्हा ती सुटते. कापडाची वीण तिच्या पाठीवर कायमची राहते. वीण नाही याचा अर्थ कापड नाही. कापड नाही याचा अर्थ उंबरपाटे नाही.

म्हणजे चोरी झाली ती गावाच्या मालाची नव्हतीच. गावाचा माल डब्यात रात्रीतून आला होता.

मग काल एवढ्या बायका बघायला आल्या होत्या, त्यांतल्या एकीलाही कळलं कसं नाही? हा प्रश्न त्यांनी मंदाबाईंच्या शेजारणीला विचारला. ती म्हणाली, "आम्हीन सगळ्यासनी पाह्यं ना. माले वाटनं, ह्या गोल गोल सुंदरबाईन्या." सुंदरबाईला वाटलं होतं, त्या खालच्या आळीच्या. खालच्या आळीला वाटलं होतं, पाड्यावरच्या. साठ घरांतल्या प्रत्येकीनं पाचशे देखण्या बिबड्या कौतुकानं शेजारणीच्या नावावर टाकल्या होत्या.

एक बाई मात्र तशी नव्हती. ज्योत्स्नाबाईंना काल दुपारचं आठवलं. साठीची भिकुबाई पुढं आली होती, डब्यातली एक बिबडी उचलून उलटी केली होती, जागच्या जागी ठेवली होती आणि घरी निघून गेली होती. एक शब्दही न बोलता. आणि ही तीच भिकुबाई, जिनं आदल्या दिवशी बांधणीच्या वर्गात "खोकं बांधाले शिकाडतस, का पोरगी सासरी धाडाले?" म्हणून सगळ्यांना हसवलं होतं.

भिकुबाईचं घर खालच्या आळीला होतं. ती उंबऱ्यात लसूण सोलत होती. सून सविता चुलीपाशी. दोन लहानगी अंगणात खेळत होती.

"अक्का, काल संध्याकाळी कुठं होता?"

"माले काय इचारतस बाई? त्या कुलूपले इचारा." भिकुबाईनं मान वर केली नाही. "मी घर सोडं नही."

"अहो आत्या," सविता चुलीपासून बोलली, "काल तुम्ही पाड्यावर गेल्या होत्या ना? दिवेलागणीला पाटी घेऊन आल्या…" सासूच्या नजरेनं तिचं वाक्य तिथंच तुटलं.

ज्योत्स्नाबाईंनी विषय बदलला. "आखाजीला कोण येतंय घरी?"

भिकुबाईचा चेहरा एकदम उजळला. "मन्ही ज्योती. पाच दिन राह्यनात. दोन महिन्यानं लेकरू शे तिन्हं."

खानदेशात अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात. सासरी गेलेल्या मुली या सणाला माहेरी येतात. झोके खेळतात, गाणी म्हणतात, आणि जाताना वर्षाचे पापड, बिबड्या, कुरडया घेऊन जातात. तो वाटा आई आधीच बाजूला काढते. घरात पाहुणा आला तरी त्याला हात लावत नाही.

ज्योत्स्नाबाईंची नजर अंगणातल्या बाजेवर गेली. तिथं पत्र्याचा एक उंच डबा, घासूनपुसून, उन्हात पालथा घातलेला होता.

"सविताबाई, तुम्हीही जाता का गुजरातेत?"

"गेल्या साली गेलो. दोन्ही पोरं घेऊन. फडातच राहायचं." सवितानं चुलीत लाकूड सारलं. "केंद्र झालं तर आत्या म्हणतात, नाही जायचं."

भिकुबाई अजून लसूणच सोलत होती. पण एकच पाकळी, सोलून झालेली, ती पुन्हा पुन्हा चोळत होती.

ज्योत्स्नाबाई उठल्या. घड्याळात पाऊण वाजला होता. केंद्र या घराला कुणापेक्षाही जास्त हवं होतं. मग याच घरातल्या बाईनं ते हातानं का घालवावं?

४

दीड वाजता समाजमंदिराच्या खोलीत चौघं बसली: दीपक, मंदाबाई, भिकुबाई आणि ज्योत्स्नाबाई. दार लोटलेलं होतं. बाहेर ओट्यावर पन्नासेक बायका होत्या, आणि खिडकी उघडी होती. म्हणजे दार लोटण्याचा उपयोग नव्हता.

"मी पार्सलची चौकशी करायचे तशीच बोलते," ज्योत्स्नाबाईंनी सुरुवात केली. "आज सकाळी डब्यात निघालेला माल ताजा केलेला असू शकत नाही. ज्वारीच तीन दिवस भिजते. म्हणजे तयार माल कुठून तरी गोळा झाला. दुकानातून नाही, नवलशेठचं दुकान मी पाहिलं. एका घरातूनही नाही, कारण पाठीवरची वीण वेगवेगळी आहे. धोतर आहे, लुगडं आहे, एका ठिकाणी तर मच्छरदाणी आहे."

बाहेर कुणीतरी फिस्सकन हसलं. "मन्ही शे ती," असा आवाज आला.

"आखाजीच्या तोंडावर घरात अख्ख्या बिबड्या एकाच कारणानं राहतात. मुलींच्या वाट्याच्या. त्या मागायला गेलं तर कुणी देणार नाही. पण सगळ्यांनी दिल्या. म्हणजे मागणारी बाई अशी, जिला नाही म्हणता येत नाही, आणि जिनं स्वतःचा वाटा आधी पाटीत टाकला असेल." त्यांनी पांढरी बिबडी पुढं ठेवली. "ही मिरची न घातलेली. अशा नऊ आहेत. बाजारात ही खपत नाही. ही बाळंतिणीसाठी करतात, तान्ह्या लेकराच्या पोटाला त्रास नको म्हणून. भिकुअक्का, तुमच्या ज्योतीचं लेकरू दोन महिन्यांचं. आणि तुमचा डबा मी पालथा पाहिला. लेक पाच दिवसांत यायची असताना कोणती आई तो डबा रिकामा करते?"

भिकुबाईनं पांढरी बिबडी उचलून मांडीवर ठेवली.

"आणि मंदाबाई, मी विचारलं, किल्ली कुणाला दिली का. तुम्ही खरं बोललात. दिली नाही. स्वतः येऊन दार उघडलंत."

मंदाबाईंनी पदर सारखा केला. "ताई, मला आणखी एक विचारलं असतंत तर मी सांगून टाकलं असतं. बरं झालं विचारलं नाहीत."

"हे कशासाठी?" दीपकचा आवाज चिरकला. "मंदाअक्का, मी तीन वर्षं… आज पथक येतंय, आणि तुम्ही…"

ज्योत्स्नाबाईंनी कालची गुळगुळीत बिबडी त्याच्यासमोर उलटी ठेवली.

दीपकनं ती पाहिली. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

सोमवारी त्यानं साठ घरांतून माल गोळा केला होता. मोटारसायकलच्या मागं डबे बांधले, पाड्याच्या उतारावर खड्डे लागले, आणि घरी येऊन पाहतो तर निम्म्याहून जास्त चुरा. नवा करायला दिवस नव्हते. राहिलेल्या वेड्यावाकड्या दिसत होत्या. मंगळवारी तो धुळ्याला गेला आणि एका कारखान्यातून यंत्रावरच्या पाचशे-सहाशे घेऊन आला.

"मला वाटलं, एकदा केंद्र मिळू दे," तो म्हणाला. "मग खरा माल आपलाच असणार ना."

भिकुबाई पहिल्यांदा बोलली. "मी उलटी करी पाह्यी. तिले पाठच नव्हती." ती दीपककडं नाही, ज्योत्स्नाबाईंकडं पाहत होती. "पोरगा चांगला शे. चुकना. त्या साहेब लोकेससमोर कोनी उलटी करती, तर त्यान्हं तोंड कोठे ऱ्हातं? आनी आम्हनं? लबाडीवर उभं राह्यलं केंद्र, तर उद्या आम्हन्या खऱ्या बिबडीले कोन खरं म्हनी?"

"मग मला सांगायचं होतं, अक्का."

"तुले सांगती तर तू रडता. रातभर." ती पुन्हा मूळच्या सुरावर आली. "तुन्ह्या त्या कनगीमा ठेयेल शेतस. एकबी मोडनी नही."

दीपक उठला. "मी राजीनामा देतो."

"दे ना. मंग ते कागद कोन लिखी? मी?"

खिडकीबाहेर हशा उसळला. दीपक हसला नाही, पण बसला.

५

आता प्रश्न तपासाचा राहिला नव्हता. दोन वाजले होते, आणि डब्यांत पाचशे खऱ्या, वेड्यावाकड्या बिबड्या होत्या.

"अर्जावर नेमकं काय लिहिलंय?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

दीपकनं कागद काढला. "नगांचं वजन आणि जाडी एकसारखी असावी."

"आकार?"

त्यानं ओळ पुन्हा वाचली. तिसऱ्यांदा वाचली. "आकाराचं… काही नाही."

बांधणीच्या वर्गासाठी आणलेला छोटा काटा ज्योत्स्नाबाईंनी टेबलावर मांडला. लांबट बिबडी एकोणीस ग्रॅम भरली. कान फुटलेली वीस. चौकोनी, जी सगळ्यांत मोठी दिसत होती, ती एकोणीस. तिकोनी अठरा. सावकाश, एकेका डब्यातून दहा-दहा काढून त्यांनी पन्नास नग तोलले. अठराच्या खाली एक नाही, वीसच्या वर एक नाही. जाडीतही नखाएवढा फरक नव्हता.

"हे कसं?" त्यांनी मंदाबाईंना विचारलं. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात चौकशी नव्हती, नवल होतं.

"एक पळी पीठ, एक बिबडी," मंदाबाई म्हणाल्या, जणू हे विचारण्यासारखं काही नव्हतंच. "संघ काढला तेव्हा पिंपळनेरच्या बाजारातून साठ पळ्या एकाच मापाच्या आणल्या. बोटं चार वेळा फिरवायची, पाचव्यांदा नाही. गोल आली तर आली."

तीन वाजून दहा मिनिटांनी पथक आलं. प्रमुख होत्या मोहिनी देवरे, कमी बोलणाऱ्या, चष्म्यावरून पाहणाऱ्या. त्यांनी पहिला डबा उघडला आणि भुवई वर केली.

दीपक पुढं झाला. ज्योत्स्नाबाईंनी त्याला काही सुचवलं नव्हतं. त्यानं सोमवारचे खड्डे सांगितले, मंगळवारची धुळ्याची फेरी सांगितली, आणि समोरचा माल कुठून आला तेही सांगितलं. आपल्या चुकीला त्यानं एकही विशेषण लावलं नाही. देवरेबाईंनी तोपर्यंत वहीत काही लिहिलं नाही. मग त्या काट्याजवळ गेल्या आणि स्वतःच्या हातानं शंभर नग तोलले.

"व्यवस्थापकानं केलं त्याची नोंद होईल," शेवटी त्या म्हणाल्या. "संघाला नियमानं लेखी खुलासा द्यावा लागेल." मग त्यांनी एक बिबडी उलटी करून पाठीवरची वीण पाहिली. "दुसऱ्या गावात यंत्र मागतायत, म्हणजे माल एकसारखा होईल म्हणून. तुमच्याकडं यंत्राआधीच तो झालेला आहे. हे कुणाचं काम?"

कुणीच पुढं आलं नाही. साठ बायका एकमेकींकडं पाहत राहिल्या, आणि पुन्हा प्रत्येकीनं शेजारणीकडं बोट दाखवलं.

पत्र आषाढात आलं. केंद्र मंजूर, दोन ड्रायर आता, दोन पुढच्या वर्षी. खुलाशानंतर दीपकला समज मिळाली. संघानं त्याला ठेवून घेतलं आणि माल वाहून आणायचं काम मात्र त्याच्याकडून काढून घेतलं. डबे नमुना म्हणून पथकाबरोबर गेले होते, त्यामुळे त्या वर्षी उंबरपाट्याच्या लेकी आखाजीला आल्या आणि बिबड्यांशिवाय परत गेल्या. कारण कळल्यावर एकीनंही तक्रार केली नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. ज्योतीनं केली. श्रावणात तिला टपालानं खोकं गेलं. त्यातल्या सगळ्या अख्ख्या पोचल्या.

दिवाळी झाली. मुकादमाचा ट्रक नेहमीप्रमाणे बाजाराच्या तोंडाशी उभा राहिला, हॉर्न वाजला, गाठोडी चढली. गेल्या वर्षी अठ्ठेचाळीस माणसं गेली होती. या वर्षी एकोणीस. मुकादम खालच्या आळीत स्वतः चालत आला.

"काय व सविता, चालनी नही का?"

सविता केसांना फडकं बांधून घाईनं केंद्राकडं निघाली होती. धाकटं पोर कडेवर होतं, थोरलं दप्तर घेऊन पुढं पळत होतं.

"माले टाईम नही, भाऊ," ती चालता चालता म्हणाली. "दुसरा ड्रायर आज मी लावस."